परळमध्ये पाठ टेकायला जागा कुणाला?

२०२१ मध्ये राज्य सरकारने परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाला म्हाडाच्या १०० सदनिका नाममात्र भाड्याने द्यायचं ठरवलं. करी रोडच्या हाजीकासम चाळ परिसरातल्या पुनर्विकसित इमारतींमधल्या या सदनिका रुग्णालयाच्या जवळ होत्या. स्थानिक रहिवाशांनी हरकत घेतली, निर्णयाला स्थगिती मिळाली आणि लगेच बॉम्बे डाईंगच्या जागेवरच्या म्हाडा इमारतीत तेवढ्याच सदनिका देण्याचं जाहीर झालं. तो विषय तेवढ्यापुरता मिटला, वाद मिटला नाही. परळ-लालबागमध्ये रुग्णनिवासाची गोष्ट निघाली की ती आजही त्याच दोन वाक्यांवर येऊन अडते. एक बाजू म्हणते, आधी इथल्या माणसांना घरं द्या, मग बाहेरच्यांचं बघू. दुसरी विचारते, कॅन्सरच्या पेशंटला नाही म्हणता, माणुसकी कुठे गेली?

या दोन्ही बाजू एकाच चुकीच्या मापाने मोजत आहेत. दोघींच्या डोळ्यांसमोर आहे ती ३०० चौरस फुटांची, कुणाच्या तरी नावावर कायमची होणारी सदनिका. रुग्णाला मात्र हवी असते खाट, आणि तीही काही आठवड्यांपुरती. म्हणून माझं म्हणणं असं: रुग्ण आणि त्याच्या सोबत्याच्या मुक्कामासाठी परळमध्येच, रुग्णालयापासून चालत जाता येईल इतक्या अंतरावर, कायद्याने राखलेली जागा हवी. ती रहिवाशांच्या घरांच्या वाट्यातून काढू नये. शाळा, बाग, दवाखाना यांना जसं आरक्षण असतं, तसं ते मोठ्या पुनर्विकासांत खाटांना असावं. हे परळवर नव्याने लादलेलं ओझं ठरणार नाही, कारण परळ वसलं तेच अशा तात्पुरत्या मुक्कामांवर.

परळ-लालबागच्या या गिरणगावाच्या इतिहासात आपण भोंगे, संप, शाहिरी आणि गणपती आठवतो. राहण्याची व्यवस्था मात्र विसरतो. गिरणीत लागलेला बहुतेक माणूस बायकामुलं गावाला ठेवून एकटा आला होता. रत्नागिरी, सातारा, सांगली, कोल्हापूर, पुणे जिल्ह्यांतल्या गावांनी लालबाग, डिलाईल रोड, चिंचपोकळी, भोईवाडा, शिवडी इथे चाळींत खोल्या घेतल्या. ही गावकऱ्यांची खोली, मंडळाची खोली. दहा बाय बाराच्या जागेत वीस-पंचवीस माणसं. भिंतीला लागून ट्रंकांची रांग, वर कपड्यांची वलणी, वळकट्या गुंडाळून कोपऱ्यात. पहिल्या पाळीचा माणूस उठून गेला की रात्रपाळी करून आलेला त्याच्याच जागी आडवा व्हायचा. जेवण खानावळीत, महिन्याच्या हिशेबाने. या खानावळी चालवणाऱ्या बायकांना पुढे १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळात संघटित केलं. खोलीचं भाडं वाटून घेतलं जायचं, हिशेब मंडळाच्या वहीत राहायचा. धोबी तलावाकडे गोव्याच्या गावांच्या कुडी, म्हणजे अशाच सामाईक खोल्या, होत्या. तिथे बोटीची वाट पाहणारा खलाशी ट्रंक ठेवून राहायचा, संध्याकाळी सगळ्यांबरोबर प्रार्थनेला बसायचा.

या खोलीचं आणखी एक काम होतं, आणि ते या वादाच्या मुळाशी आहे. गावात कुणी आजारी पडलं आणि तालुक्याच्या डॉक्टरने हात टेकले की माणूस एसटीने मुंबईला यायचा आणि गावच्या खोलीत उतरायचा. त्याला केईएमला न्यायला, नंबर लावायला, रक्त द्यायला खोलीतलीच माणसं जायची. केईएम १९२६ चं, वाडियांचं बाळंतपणाचं रुग्णालयही त्याच वर्षाचं, मुलांचं १९२९ चं. टाटा रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालं. गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात १८९९ पासून प्लेगची प्रयोगशाळा होती, तीच आजची हाफकिन संस्था. एवढी रुग्णालयं चालत्या अंतरात उभी राहिली, कारण भोवती कामगारांची वस्ती होती. आणि परगावच्या रुग्णाला ती वापरता आली, कारण त्या वस्तीत त्याच्या गावची खोली होती. रुग्णालय आणि मुक्काम ही एकाच व्यवस्थेची दोन अंगं होती. एक अंग वाढत गेलं, दुसरं आपण मोडून टाकलं.

ते कसं मोडलं? १८ जानेवारी १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, तशा खोल्या रिकाम्या होऊ लागल्या. जी मंडळं टिकली त्यांना पुनर्विकासाने गाठलं. उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतीत पात्रता ठरते ती १३ जून १९९६ पूर्वीच्या ताब्यावर, आणि पुरावा असतो भाडेपावतीचा. पावती मंडळाच्या नावावर क्वचितच असते. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी गावातल्या ज्या जाणत्या माणसाने खोली घेतली, तिच्यावर त्याचं नाव. इमारत पाडली की नवी सदनिका त्याच्या वारसांना मिळते. वारसांची चूक म्हणावी असं त्यात काही नाही, कायद्याने ते घर त्यांचंच ठरतं. पण ज्या खोलीत अख्खं गाव उतरायचं तिथे एक कुटुंब राहायला येतं आणि गावाचा मुंबईतला पत्ता पुसला जातो. पुनर्विकासाच्या कागदांवर एका खोलीच्या बदल्यात एक सदनिका मिळालेली दिसते. गेलेल्या वीस खाटांसाठी त्या कागदावर रकानाच नसतो.

या खोल्यांचा इतिहास सांगताना त्यांना सोन्याचा मुलामा देणं मात्र खोटं ठरेल. गावची खोली म्हणजे सगळ्या गावाची खोली असं नव्हतं. ती बहुतेक वेळा जातीची होती, भावकीची होती आणि पुरुषांची होती. गिरणीच्या विणाई खात्यात दलितांना घेत नसत, कारण धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. तोच विटाळ खोलीच्या उंबऱ्यावरही होता. बाईमाणूस आजारी पडलं तर तिची सोय कुणाच्या तरी बिऱ्हाडात व्हायची, झाली तर. म्हणून जुनी व्यवस्था जशीच्या तशी परत आणा, असं मी म्हणत नाही. गाडगेबाबांनी पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली ती याचसाठी, की देवाच्या दारीही ज्याला ओसरी मिळत नाही त्याला हक्काने पथारी टाकता यावी. दादर पूर्वेला त्यांच्या नावाची धर्मशाळा आज कॅन्सरच्या रुग्णांना आसरा देते. गावकीच्या खोलीची जवळीक आणि धर्मशाळेचा सर्वांसाठी उघडा दरवाजा, हे दोन्ही हवं असेल तर ते सार्वजनिक व्यवस्थेतच जुळू शकतं.

आता विरोधकांचा सगळ्यात भक्कम मुद्दा. परळ-लालबागची शेकडो कुटुंबं संक्रमण शिबिरांत आहेत. इमारत धोकादायक म्हणून खाली केली, तात्पुरतं म्हणून लांब नेऊन ठेवलं आणि तिथेच पुढची पिढी मोठी झाली. ज्यांची मूळ इमारत पुन्हा उभी राहू शकत नाही त्यांच्यासाठी म्हाडाची मास्टर लिस्ट असते, आणि त्यांना घरं द्यायची ती पुनर्विकासातून म्हाडाला मिळणाऱ्या अतिरिक्त सदनिकांमधूनच. करी रोडच्या सदनिकाही याच साठ्यातल्या. मग पंधरा-वीस वर्षं वाट पाहणाऱ्या माणसाने, माझ्या वाट्यातून का, असं विचारलं तर त्याला माणुसकीचे धडे देणं अन्यायाचं आहे. गिरणी कामगारांचंही तेच. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक तृतीयांश म्हाडाला आणि एक तृतीयांश मोकळ्या जागांसाठी महापालिकेला मिळायचा होता. २००१ च्या दुरुस्तीने तो हिस्सा फक्त रिकाम्या जमिनीवर आणला, २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ती दुरुस्ती टिकली आणि सार्वजनिक वाटा आटून गेला. त्या जमिनीवर आज काय उभं आहे ते लोअर परळला मान वर करून पाहिलं की कळतं.

पण याच इतिहासातून निघणारा निष्कर्ष विरोधकांच्या निष्कर्षापेक्षा वेगळा आहे. रहिवाशाची आणि कामगाराची जागा रुग्णाने घेतलेली नाही. ती गेली टॉवरांना, मॉलना, कार्यालयांना. वाटा मोठा होता तो वर गेला. खाली उरलेल्या तुकड्यासाठी संक्रमण शिबिरातला माणूस आणि फूटपाथवरचा रुग्ण यांना समोरासमोर उभं केलं गेलं. गिरणीच्या जागेवर गगनचुंबी इमारत येते तेव्हा बाहेरून येणाऱ्यांमुळे वस्तीवर ताण पडेल, हा प्रश्न एवढ्या तीव्रतेने का विचारला जात नाही? म्हणूनच मी म्हणतो की रुग्णनिवासाची जागा मास्टर लिस्टच्या सदनिकांतून घेऊ नका. ती मोठ्या प्रकल्पांच्या सुविधा क्षेत्रातून घ्या, विक्रीसाठीच्या बांधकामावर अट घालून घ्या.

दुसरी हरकत संसर्गाची. ती दबक्या आवाजात घेतली जाते, पण असते नक्की. तिची हेटाळणी करू नये, कारण भीतीला या भागात इतिहास आहे. १८९६ च्या ऑक्टोबरात, प्लेगच्या पहिल्या लाटेत, गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. माणसांना जबरदस्तीने उचलून नेलं जातं या धास्तीने वस्ती पेटली होती. प्लेग निदान पसरणारा तरी होता. कॅन्सर एकाचा दुसऱ्याला होत नाही. यंत्रासमोर झोपून बाहेरून घेतलेल्या किरणोपचाराने अंगात किरणोत्सर्ग राहत नाही. उपचार संपवून घरी गेलेला माणूस नातवाला मांडीवर घेऊ शकतो. थायरॉइडच्या काही रुग्णांना किरणोत्सारी आयोडीन देतात, त्यांना रुग्णालयातच वेगळं ठेवून मात्रा उतरल्यावर सोडतात. खरी भीती उलट दिशेची आहे. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी उतरतात. तेव्हा जिन्यातल्या कुणाच्या साध्या खोकल्याने रुग्णाचा जीव धोक्यात येऊ शकतो. १००.४ फॅरनहाइट ताप चढला तर तासाभरात अँटिबायोटिक सुरू व्हावं लागतं.

या तासाभरातच, खारघरला राहू द्या, या सूचनेचं उत्तर आहे. नवी मुंबईतल्या खारघरला टाटा स्मारक केंद्राची, म्हणजे परळचं रुग्णालय चालवणाऱ्यांचीच, मोठी संस्था आहे आणि तिथे उपचार घेणाऱ्याने तिथेच राहावं, हे बरोबरच. पण ज्याचा उपचार परळला चालू आहे त्याला हार्बरने कुर्ला, तिथे पूल चढून गाडी बदलून परळ, असा सव्वा-दीड तास एका बाजूने लागतो. तोंडाच्या किंवा घशाच्या कॅन्सरला किरणोपचाराच्या ३० ते ३५ खेपा असतात, आठवड्याचे पाच दिवस, म्हणजे सहा ते सात आठवडे. तिसऱ्या आठवड्यापासून तोंड आतून सोलवटतं, थुंकी गिळता येत नाही. त्या माणसाने रोज लोकलच्या दारात उभं राहायचं? एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये पाडकामासाठी बंद झाल्यावर तर प्रभादेवीच्या बाजूने रुग्णालय गाठणंही लांबलं.

रुग्णांना त्यांच्या राज्यातच उपचार मिळावेत, हा मुद्दा मी पूर्ण मान्य करतो. वाराणसी, गुवाहाटी, संगरूर, विशाखापट्टणम इथे टाटा केंद्राची रुग्णालयं झाली आहेत, ती वाढावीत. पण परळच्या रांगेत धाराशिवचा, नंदुरबारचा, सिंधुदुर्गाचाही माणूस असतो. विरोधाचं राजकारण ज्याला बाहेरचा म्हणतं त्यात आपलीच माणसं किती, हे फूटपाथवर कान दिला तरी ऐकू येतं. शिवाय दुर्मीळ गाठी, फसलेल्या शस्त्रक्रिया, दुसरं मत यांसाठी लोक परळला येतच राहणार.

मग लॉज आहेतच की! असं म्हणणाऱ्याने एकदा हिशेब करावा. दिवसाला ८०० रुपये धरले तर ४५ दिवसांचे ३६,००० होतात, जेवण आणि रिक्षा-टॅक्सी वेगळी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत उपचाराचा खर्च बसतो, दाखल न होता बाहेर राहून घेतलेल्या दीड महिन्याच्या मुक्कामाचा बसत नाही. आणि पैसे असले तरी लॉजच्या खोलीत एक गोष्ट नसते. गालाची किंवा जिभेची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाच्या नाकात नळी असते. त्याला दर दोन-तीन तासांनी दोनशे-अडीचशे मिलिलिटर पातळ अन्न द्यायचं असतं. डाळ-तांदूळ मऊ शिजवायचे, मिक्सरमधून काढायचे, मग गाळायचे. शिताचा एक कण राहिला तर नळी तुंबते आणि ती बदलायला पुन्हा रुग्णालयाची रांग. ५० मिलिलिटरच्या सिरिंजने ते हळूहळू सोडायचं, वरून उकळून गार केलेलं पाणी घालून नळी धुवायची. हे दिवसातून सात-आठ वेळा. यासाठी लागते शेगडी, मिक्सरला प्लग, स्वच्छ पाणी आणि ओटा. लॉजवाला खोलीत शेगडी पेटवू देत नाही. हिंदमाता उड्डाणपुलाखाली निळं प्लास्टिक अंथरून बसलेली बाई हे कसं करत असेल? आणि पावसात हिंदमाता तुंबलं की ती फाइलची पिशवी आधी उचलते की नवऱ्याला?

ओझ्याचा मुद्दा राहिला, आणि त्यात तथ्य आहे. रहिवासी इमारतीत रुग्णांना सदनिका दिल्या तर लिफ्टवर ताण येतो, रात्री-अपरात्री रुग्णवाहिका येते, रक्ताळलेली ड्रेसिंग ओल्या कचऱ्यात पडतात, देखभाल खर्च कुणी भरायचा यावर सोसायटीत भांडण होतं. त्यावर उपाय आहेत आणि ते बांधकामाच्या आधीच करावे लागतात: वेगळं प्रवेशद्वार, वेगळी लिफ्ट, पाण्याची वेगळी टाकी आणि मीटर, वैद्यकीय कचऱ्याच्या पिवळ्या पिशव्या रुग्णालयाच्याच यंत्रणेने उचलायचा करार. सदनिका देण्याच्या पद्धतीत रुग्णाचंही नुकसान असतं. एका सदनिकेत दोन कुटुंबं घातली की ओट्यावरून आणि मोरीवरून वाद होतात. एकच घातलं तर दार बंद असतं, रात्री न्हाणीत कुणी पडलं तर शेजारच्याला कळत नाही. मजल्यावर रात्रभर जागा असणारा एक माणूस हवा.

जागेचा हिशेबही मजल्याच्या बाजूने लागतो. ३,००० चौरस फुटांत ३०० फुटांच्या दहा सदनिका, म्हणजे दहा कुटुंबं. तेवढ्याच जागेत रुग्ण आणि एक सोबती अशा १२० फुटांच्या पंधरा खोल्या काढल्या तर १,८०० फूट लागतात. उरलेल्या १,२०० फुटांत सामाईक स्वयंपाकघर, संडास-न्हाण्या आणि चाकाची खुर्ची वळेल एवढा पॅसेज बसतो. त्याच जागेत पाच कुटुंबं जास्त राहतात, आणि एकमेकांच्या नजरेसमोर राहतात. चाळीच्या गॅलरीने जे दिलं तेच हे.

एक गाळलेली फट अजून आहे, आणि माझ्या मते सगळ्यात दुखरी तीच आहे. धर्मशाळेत जागा मिळते ती रुग्णालयाच्या समाजसेवा विभागाच्या चिठ्ठीवर, आणि चिठ्ठी मिळते ती फाइल निघाल्यावर. पहिल्यांदा आलेल्या माणसाला फाइल, बायोप्सीचा रिपोर्ट, स्कॅनची तारीख, डॉक्टरांच्या बैठकीतला निर्णय यात आठ-दहा दिवस सहज जातात. उपचार ठरलेला नाही, म्हणून मुक्काम किती दिवसांचा तेही ठरलेलं नाही. आणि ते ठरलेलं नाही म्हणून प्रतीक्षायादीत नाव लागत नाही. फूटपाथ गाठला जातो तो याच दिवसांत. गावची खोली ही फट भरून काढायची, तिला चिठ्ठी लागत नव्हती. म्हणून प्रत्येक रुग्णनिवासात तळमजल्याला एक मोठी खोली पहिल्या दहा दिवसांसाठी राखायला हवी. नोंदणी खिडकीवरच्या पावतीवर प्रवेश, बायकांचा भाग वेगळा, कुलपाची पेटी प्रत्येकाला, दहा दिवसांनी खाट रिकामी. ट्रंकांची रांग पुन्हा भिंतीला लागेल, फक्त या वेळी जात आणि गाव न विचारता.

हे सगळं करायला नवी जमीन शोधायची गरज नाही. १९२० च्या दशकात बांधलेल्या सरकारी बीडीडी चाळींतल्या खोल्या १६० चौरस फुटांच्या होत्या, त्यांच्या जागी आता ५०० फुटांची घरं होत आहेत. वरळीच्या पहिल्या ५५६ घरांचा ताबा ऑगस्ट २०२५ मध्ये मिळाला. नायगावच्या ४२ आणि ना. म. जोशी मार्गावरच्या ३२ चाळींचे रहिवासी आपल्या हक्काच्या घरात जाऊ देत, त्यातलं एक फूटही कमी होऊ नये. पण त्याच प्रकल्पांतल्या विक्रीच्या आणि सुविधांच्या इमारतींत एकेक मजला रुग्णनिवासाचा दाखवायला सांगता येतो, आणि ज्या इमारतींचे पाये अजून भरायचे आहेत त्यांच्या नकाशावर तो आजच येऊ शकतो. स्ट्रेचर आडवं मावणारी लिफ्ट आतून दोन मीटरपेक्षा जास्त खोल लागते. तिचा खड्डा पाया भरतानाच सोडावा लागतो, इमारत उभी राहिल्यावर भिंत फोडून तो मिळत नाही.